सरांचं रिकामं सूप

सरांनी उभ्या आयुष्यात कोणाकडे मीठ मागितलं नव्हतं. वाचनालयाच्या पहिल्या मेळ्याला स्वयंपाक आम्ही बायकांनी केला होता आणि वांग्याच्या भाजीत मीठ घालायचं राहून गेलं. पंगतीतल्या साठ माणसांनी एका आवाजात ‘मीठ, मीठ’ केलं. सर मात्र मान खाली घालून जेवत राहिले. मी मिठाची वाटी घेऊन त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांचं पान लख्ख झालं होतं.

“सर, सांगायचं ना!”

“विचारलं असतंस तर सांगितलं असतं,” ते शांतपणे म्हणाले.

ते पाणी मागत नसत, रस्ता विचारत नसत, बसमध्ये कंडक्टरला ‘माझा थांबा आला की सांगा’ म्हणत नसत. त्यामुळे नागपूरच्या बहुतेक बसमार्गांची शेवटची टोकं त्यांनी पाहिली होती. एकदा ते शर्टाचं कापड घ्यायला सीताबर्डीवर गेले. ‘पांढरं दाखवा’ एवढंच म्हणायचं होतं. ते नुसते उभे राहिले. दुकानात गर्दी होती. दुकानदाराला दिसला एक उंच, ताठ, केस बारीक कापलेला माणूस. पोलिसातला असणार म्हणून त्यानं खाकीचा तागा पुढ्यात टाकला. सरांनी मुकाट्यानं दोन शर्टांचं कापड घेतलं आणि पुढली चार वर्षं तत्त्वज्ञानाचा हा निवृत्त प्राध्यापक खाकी शर्टात हिंडला. आमच्या वस्तीतल्या भुरट्या चोरांवर त्याचा चांगला परिणाम झाला, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

सर आणि त्यांची थोरली विधवा बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, वाचनालयासमोरच्या घरात राहायचे. ही सत्तरच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी तेव्हा तिशीची, टेलिफोन ऑफिसात कारकून. माझं अक्षर चांगलं आणि माझ्याकडे सायकल, या दोन गुणांवर मला वाचनालयाची चिटणीस केलं होतं. अध्यक्ष होते देवरावजी. त्यांची लाकडाची वखार होती आणि मांडवाच्या फळ्या फुकट मिळत. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी आम्ही लोककलांचा मेळा भरवायचो. हातपाय आमचे, डोकं सरांचं.

ते डोकं इतर ठिकाणच्या आयोजकांसारखं चालत नसे. “कार्यक्रम काय ठेवायचा ते नंतर,” सर म्हणायचे, “आधी यंदा विचार कोणता ते ठरवू.” महिनाभर आधी ते वाचनालयाच्या दाराशी एक पाटी टांगत. तिच्यावर खडूनं एकच शब्द. मग तो शब्द मेळ्यातल्या प्रत्येक गोष्टीत उतरलाच पाहिजे. “विचार चहाच्या कपापर्यंत पोचला नाही तर तो पुसून टाका,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पहिल्या वर्षी पाटीवर ‘पाहुणा’ होता. खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, करणारा फड भंडाऱ्याकडून आला होता. त्यांना धर्मशाळेत न ठेवता एकेकाला एकेका घरी वाटून दिलं. फडात बाईची कामं करणारा पुरुष देवरावजींच्या वाट्याला आला. देवरावजींच्या आईनं त्याला स्वतःचं ठेवणीतलं लुगडं काढून दिलं, आणि मग निऱ्या कशा घालायच्या यावरून दोघांत जे भांडण पेटलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. शेवटी म्हातारी हरली. “मले साठ वर्सं झाले नेसून राहिले,” ती म्हणाली, “पन या मेल्याच्या निऱ्या मायापेक्षा बऱ्या!”

दुसऱ्या वर्षी ‘शांतता’. प्रेक्षक पूर्ण गप्प झाल्याशिवाय पहिला कलाकार तोंड उघडणार नाही, असा सरांचा नियम. बाहेर भुईमुगाच्या शेंगावाला बसला आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. टरफलं फुटायची थांबेपर्यंत सव्वा तास गेला. दंडार हा गावरान नाच करणारे तोवर टाळ छातीशी धरून उभे. पण तो सव्वा तास संपला आणि पहिला टाळ वाजला तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला, हेही लिहून ठेवते. सर अगदीच वेडे असते तर आम्ही त्यांच्यामागे गेलो नसतो.

तिसऱ्या वर्षी पाटीवर शब्द आला, ‘मागणं’.

समितीच्या बैठकीत सर उभे राहून बोलले. “वासुदेव, गोंधळी, किंगरीवाले नाथजोगी. ही मागणाऱ्यांची कला आहे. मागणारा दारात येतो तेव्हा घराला कळतं की आपल्याजवळ देण्यासारखं काही आहे. तो घराला मोठं करून जातो. आपण काय करतो? त्याला मांडवात उचलून आणतो, शाल देतो, हार घालतो. लगेच तो नोकर आणि आपण मालक! यंदा मांडव नाही. माईक नाही. कलाकार दारोदार जातील, जसे शेकडो वर्षं गेले. प्रत्येक घरानं सुपात धान्य घेऊन उंबऱ्यात उभं राहायचं. सगळी वस्ती हाच मेळा!”

देवरावजी म्हणाले, “मांडव नाही? वा! मंग फळ्या विकून टाकतो मी.” पण त्यांचेही डोळे चमकत होते. मी तर पेटलेच. सव्वाशे घरं, नऊ कलाकार, तीन रस्ते. मी वस्तीचा नकाशा काढला, कोण कुठून निघेल, कुठे वळेल, कुठे पाणी प्यायला मिळेल, सगळं आखलं. घरोघरी जाऊन बायकांना सांगितलं. उंबरे सारवायचे, रांगोळ्या घालायच्या, सुपं घासून ठेवायची. बायका एवढ्या उत्साहात आल्या की बाजारात सुपांचा तुटवडा पडला. मी स्वतः जरीपटक्याच्या बाजारापर्यंत सायकल मारून बारा सुपं कॅरिअरला बांधून आणली. वाटेत एका रिक्षावाल्यानं विचारलं, “काहो बाई, लगन आहे का?”

कलाकारांना मी पोस्टकार्डं टाकली होती. ‘रविवारी दुपारी मेळ्यात कला सादर करण्यास यावे. सविस्तर समक्ष.’ मजकूर सरांचा, अक्षर माझं.

शुक्रवारी ते समक्ष सांगायला मी आणि सर हुडकेश्वरला गेलो. हुडकेश्वर तेव्हा गावच होतं, शेवटच्या बसथांब्यापासून पुढे शेतातून चालत जायचं. त्यामुळे निदान यावेळी थांबा चुकायचा प्रश्न नव्हता. तिथे मारोतीबुवा वासुदेव राहायचे. सत्तरीचे, काटक. आमच्या वस्तीत थंडीच्या दिवसांत पहाटे चिपळ्या वाजवत येणारे तेच. आमचे बाकीचे आठ कलाकार त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते.

झोपडीबाहेर त्यांची बायको, गिरजाबाई, वासुदेवाची उंच टोपी मांडीवर घेऊन बसली होती. जुनी झडलेली मोरपिसं काढून ती नवी शिवत होती. दोरीवर नवंकोरं धोतर वाळत होतं. मारोतीबुवा आम्हांला पाहून लगबगीनं बाहेर आले.

“या जी, या! उमरेडहून जावई येऊन राहिला, लेक येऊन राहिली. म्या सांगतलं, या वर्सी बुढा मांडवात बसनार हाये. खुर्ची राहीन ना जी? आन् माईक?”

मी सरांकडे पाहिलं. सर बोलायला लागले. मागणाऱ्याची परंपरा, घराला मोठं करणारा, उंबरा. ते छान बोलत होते. बैठकीत बोलले होते त्यापेक्षाही छान. गिरजाबाईचा सुई धरलेला हात थांबला.

“म्हंजे थेच?” ती म्हणाली. “रोजचंच?”

“रोजचंच, पण सन्मानानं,” सर म्हणाले.

“काहून जी? रोज सकाळी आमी दारातच उभे राहतो. लोकं दार उघडतेत, नाही उघडत, आतूनच ‘पुढं जा’ म्हनतेत. आता तुमच्या मेळ्यात बी दारातच उभं राहाचं? मंग मेळा कोनाचा झाला? आमचा का तुमचा?”

“राहू दे वं,” मारोतीबुवा म्हणाले. मग सरांकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “चाळीस वर्सं झाले तुमच्या वस्तीत येतो, सर. तिथले कुत्रे ओळखतात मले. भुंकत नाहीत. मानसायनं मायं तोंड कधी नीट पाह्यलं नाही. अंधारातच येतो ना मी. मले वाटलं, एक डाव उजेडात उच्चावर बसीन, तं पाहतीन.” त्यांनी दोरीवरचं धोतर काढलं आणि घडी घातली. “आमी नाही येत जी. राग मानू नका.”

परतताना शेतातून सर माझ्यापुढे चालत होते. मी मागून हिशेब करत होते. सव्वाशे सारवलेले उंबरे, सव्वाशे सुपं, आणि कलाकार शून्य. बसथांब्यावर सर थांबले आणि म्हणाले, “मी त्यांना विचारलंच नाही.”

मला भयंकर चीड आली होती. स्वतःचीही, कारण कार्ड मीच लिहिलं होतं. मी म्हटलं, “सर, तुम्ही कधी कोणाला काही विचारता का?”



शनिवारी सकाळी आमचा दूधवाला ओरडला, “ताई, तुमच्या दारात पोलिस उभा हाये!” मी धावत गेले. खाकी शर्टातले सर होते. दार ठोठावणं म्हणजेही एक प्रकारचं मागणंच, म्हणून किती वेळ तसेच उभे होते देव जाणे.

“पाटी तीच राहील,” ते मला म्हणाले. डोळे लाल, पण चेहरा असा उजळलेला की मीही क्षणभर कालची चीड विसरले. “मागणारे बदलायचे! ते उच्चावर बसतील. मागायला वस्ती येईल. हातात रिकामं सूप घेऊन, एकेक घर. गाणं मागायचं. दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर पुढं जायचं. आणि मिळालं की मागणाऱ्यानं म्हणायचं, दान पावलं!”

दान पावलं. रोज पहाटे वासुदेव आमच्या दारात म्हणायचा ते शब्द आता आम्ही म्हणायचे होते. मी उंबऱ्यातच टाळी वाजवली. मग भानावर येऊन विचारलं, “मांडव?”

“ते तू बघ,” सर म्हणाले.

त्या शनिवारचा तास न् तास मला अजून आठवतो. ऑफिसला रजेचा निरोप धाडला. देवरावजींना वखारीतून उठवलं. ते आधी म्हणाले, “एका दिवसात? पागल झाले का बाप्पा तुमी लोकं?” आणि पाचच मिनिटांत फळ्या हातगाडीवर चढवायला लागले. ताडपत्री रेशन दुकानातून, खुर्च्या शाळेतून, लाउडस्पीकर सीताबर्डीहून. बायकांना पुन्हा घरोघरी जाऊन सांगितलं की सूप भरायचं नाही, रिकामं आणायचं. “काल भरा म्हटलं, आज रिकामं म्हनता, उद्या काय उलटं धरू का वं?” एकीनं मला सुनावलं. त्यांनी काढून ठेवलेलं धान्य मी पोत्यांत गोळा करून त्याच दिवशी हुडकेश्वरला रवाना केलं. विचार विचाराच्या जागी, पण कलाकारांची घरं रिकाम्या सुपावर चालत नाहीत.

पोत्यांच्या पुढे मी सायकलनं गेले. गिरजाबाईला सगळं सांगितलं. आणि यावेळी विचारलं, “याल का?”

टोपी अजून तिच्या मांडीवर होती, निम्मी पिसं शिवलेली.

“येऊ,” ती म्हणाली. “पन एक हाये, बाई. थे सर पयले येतीन मागाले. सगळ्यायच्या आंधी. आन् तोंडानं मागतीन. नुस्ते उभे राहतीन तं नाही चालनार.”

संध्याकाळी मी सरांना ही अट सांगितली. ते भात कालवत होते. हात तिथेच थांबला. मग ते उठले आणि जेवण अर्धं टाकून आतल्या खोलीत गेले.

अक्कानं ताट उचललं. “त्याच्यानं नाही व्हायचं ते,” ती मला हळूच म्हणाली. “आमचे वडील लवकर गेले. हा नागपूरला शिकायला आला तो वार लावून. सात दिवस, सात घरं. बुधवारच्या घरी एक बाई होती, ती ह्याला दारातच तीनदा मागायला लावायची. पहिल्यांदा ऐकू आलंच नाही म्हणायची, दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हण म्हणायची. घरातली पोरं हसायची. मॅट्रिक झाला त्या दिवशी यानं ठरवलं, आता पुन्हा कोणापुढे तोंड उघडायचं नाही.”

मी म्हटलं, “उद्या दोन वाजता आहे. पाठवा त्यांना.” आणि मांडवाकडे गेले. खुंट्या ठोकायच्या राहिल्या होत्या.

रविवारी दोनला मैदान फुललं. थंडीतलं स्वच्छ ऊन, संत्र्यांच्या सालींचा वास, आणि मांडवापासून थेट वाचनालयाच्या कोपऱ्यापर्यंत रांग. वकिलांच्या घरचे, कोष्ट्यांच्या घरचे, रेल्वेतले, शिक्षक, सगळ्यांच्या हातांत रिकामी सुपं. उच्चावर नऊ खुर्च्या. मधल्या खुर्चीत मारोतीबुवा, नवं धोतर, पायघोळ अंगरखा, डोक्यावर हिरवी-निळी लखलखणारी टोपी. लोक टाचा उंच करून करून त्यांच्याकडे पाहत होते. “अरे, हेच काय आपले वासुदेव? केवढे देखणे हो!” माझ्या मागे कोणीतरी म्हणालं. उमरेडचा जावई पहिल्या रांगेत ताठ बसला होता.

देवरावजींना भाषण करायचं होतं. ते माईककडे निघाले, तेवढ्यात गिरजाबाई खालून म्हणाली, “भासन मंग. पयले सर.”

सर रांगेत सगळ्यांत पुढे होते. मला ते पाहूनच हायसं वाटलं, आले तरी होते. धुतलेला खाकी शर्ट, दोन्ही हातांत सूप. ते फळ्यांसमोर गेले आणि उभे राहिले.

नुसते उभे राहिले.

रांगेतली कुजबुज थांबली. दुसऱ्या वर्षी सव्वा तासात आली नव्हती तेवढी शांतता एका मिनिटात आली. मारोतीबुवांना बघवेना. त्यांनी चिपळ्या उचलल्या, सुरूच करणार होते.

“थांबा,” गिरजाबाई म्हणाली. “मागू द्या त्याईले.”

सरांचे ओठ हलले. आणि बाहेर आलं ते हे: “ॐ भवति भिक्षां देहि.”

पन्नास वर्षं आत कोंडलेलं वाक्य, मुंजीतल्या बटूचं. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन् हसलं. मी अक्काकडे पाहिलं. तिनं पदर तोंडावर धरला होता.

मारोतीबुवा पुढे वाकले. “संस्कृत नाही समजत जी मले,” ते अगदी साधेपणानं म्हणाले. “आपल्या बोलीत मागा ना.”

आता सगळं मैदानच हसलं. हसू वाईट नव्हतं, पण हसूच होतं, आणि मला वाटलं, संपलं. हा माणूस आता सूप ठेवून निघून जाणार. मी दोन पावलं पुढे झालेही, कार्यक्रम कसा सावरायचा ते डोक्यात जुळवत.

सरांनी मान वर केली. “मारोतीबुवा,” ते म्हणाले. “मला एक गाणं द्या.”

दोनदा मागून झालं होतं. गिरजाबाईनं तोंड उघडलं. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं ती काय म्हणणार ते, ‘मोठ्यानं म्हना, आवाज नाही आला.’ चाळीस वर्षांचा हिशेब होता, तिचा हक्कच होता तो. पण मारोतीबुवांनी हात वर केला.

“पुरे वं,” ते म्हणाले. “आयकू आलं मले.”

बुधवारच्या घराबद्दल त्यांना काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी चिपळ्या वाजवल्या, पायातले घुंगरू फळीवर आपटले आणि उठून गायला लागले. पहाटे गोधडीतून अर्धवट ऐकलेला तो आवाज भर दुपारी, भर उजेडात, लाउडस्पीकरवरून वस्तीभर घुमला. सर समोर सूप धरून उभे होते, जणू गाणं खरंच त्यात पडतंय आणि एक दाणाही सांडू द्यायचा नाही. गाणं संपलं. सगळं मैदान वाट पाहत होतं.

“दान पावलं,” सर म्हणाले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

मग जी झुंबड उडाली! जो तो मागायला पुढे. वकीलसाहेबांनी गोंधळ मागितला, त्यांच्या बायकोनं किंगरीची धून. देवरावजींनी सूप आणलंच नव्हतं, त्यांनी टोपी पुढे केली. एका गोंधळ्यानं एका गृहस्थाला चक्क ‘पुढं जा’ म्हटलं, तेव्हा कलाकारांसकट सगळं मैदान लोटपोट झालं, आणि तो गृहस्थही रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिला. मला वेळ धड पाळता आली नाही, नकाशा कुठे उडाला कळलं नाही, आणि इतकी खूश मी त्याआधी कुठल्याच मेळ्यात झाले नव्हते.

ऊन उतरताना पंगत बसली. कलाकार आधी, त्यांच्या शेजारी सर, वाढायला मी. वांग्याचीच भाजी होती. पहिल्या वर्षीच्या धास्तीनं बायकांनी मीठ सढळ हातानं घातलं होतं, खरं तर जरा जास्तच. मी स्वतः चाखून पाहिली होती.

सरांनी पहिला घास घेतला आणि हात वर केला.

“मीठ,” ते मोठ्यानं म्हणाले. “थोडं मीठ वाढ गं मला.”

मी वाढलं. सांगितलं काही नाही. त्यांनी ते भाजीत कालवलं, सगळी भाजी खाल्ली, आणि मग पाणी मागितलं. दोनदा.